चांदीची खाण आणि धर्मामामा

माझं माहेर सातिवलीचं. गावात आमच्या घराला आडनावानं कुणी ओळखत नसे; आम्ही ‘खानवाले’. आमच्या घरच्या बोलीत ‘ण’ नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी, तशी खाण म्हणजे खान. शाळेत बदलून आलेल्या नव्या मास्तरांना मी पहिल्याच दिवशी मोठ्या दिमाखात सांगितलं, “आमच्या डोंगरात चांदीची खान हाय!” तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “कोण खान? पठाण आहे का?” पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, घोटून घोटून ‘ण’ जिभेवर बसवला, पण ती खाण आठवली की आजही तोंडात पहिल्यांदा ‘खान’च येतं.

खाण होती तुंगारेश्वराच्या डोंगराच्या अंगाला, आमच्या शेतापासून चांगलं दमवणाऱ्या चढावर. खाण म्हणजे काय, तर कारवीच्या झुडपांमागं कड्यात कोरलेलं एक तोंड, आणि ते मोठमोठ्या दगडांनी गच्च बुजवलेलं. ती कुणी खणली याच्या गोष्टी मात्र गावात माणसागणिक होत्या. फिरंग्यांनी खणली, आणि मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा पळता पळता बुजवली, ही एक. दुसरी गोष्ट आमच्या घरची. माझ्या पणजोबांच्या वेळी मुंबईचा कुणी शेठ आला, डोंगरावर राहुटी ठोकून राहिला, दगडांच्या पेट्या भरून गाडीनं घेऊन गेला, आणि जाताना तोंड बुजवून पणजोबांना म्हणाला, “मी येईपर्यंत राखण कर.” शेठ पुन्हा काही आला नाही. पण राखण थांबवायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून पणजोबा मरेपर्यंत दर सोमवारी वर जाऊन खाण जागेवर आहे ना, ते बघून येत. त्यांच्यामागं आजोबा जात. माझे बाबा जात नसत, पण कुणी ‘खानवाले’ अशी हाक मारली की त्यांची मान थोडी ताठ व्हायची, हे मी पाहिलेलं आहे.

त्या वेळचं सातिवली आज डोळ्यांसमोर आणायचं म्हणजे आधी पुष्कळ काही पुसावं लागतं. गोदामं, पत्र्याच्या शेडी, ट्रकची रांग, सगळं. मग उरतो तो भाताचा खळगा, मध्ये मध्ये ताडाची झाडं, आणि सकाळपासून घराघरांतून येणारा कांडपाचा आवाज. आमच्याकडं मुसळ असायचं काकीच्या हातात. काका मिठागरावर कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा, त्यामुळे काकीचा सगळा जीव बोलण्यात आणि कांडण्यात. तिचं मुसळ थांबलं की घरातले सगळे चमकून बघत, काय झालं म्हणून. आय चुलीशी. तांदळाची भाकरी थापताना तिच्या दोन्ही हातांच्या मध्ये ती कधी गोल फिरत मोठी व्हायची ते कळायचंच नाही. भाकरीबरोबर कधी सुकट कांदा घालून, कधी कैरी घातलेली कोलीम म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सणावाराला पोळे. पोळे म्हणजे तांदळाच्या पिठाचे, तव्यावर ओतले की जाळी पडणारे. आय दिवसभर बसलेली मला आठवत नाही. ती उकिडवी असायची किंवा उभी.

या घरात एका चैत्रात माझा धर्मामामा आला. आयचा सख्खा धाकटा भाऊ. तरुणपणी कुणाच्या तरी संगतीनं म्हैसूरकडे सोन्याच्या खाणीत कामाला गेला तो तिकडंच रमला होता. लग्न केलं नव्हतं. खाकी पिशवी, एक घमेलं, दोन छिन्न्या, एक हातोडा आणि कार्बाइडचा दिवा, एवढं सामान घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “अक्का, वल्खलंस का?” आयनं हातातली भाकरी तशीच तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. करपलेल्या भाकरीचा वास घरात पहिल्यांदाच आला होता.

मामा हसरा, सडपातळ, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. त्याच्या त्या दिव्यात खडे टाकून वर पाणी सोडलं की तो फसफसायचा, लसणीसारखा उग्र वास यायचा, आणि मग पांढरीफेक ज्योत लागायची. संध्याकाळी गावातली निम्मी पोरं तो दिवा बघायला आमच्या ओटीवर जमत. मामानं खाणीतल्या गोष्टी सांगाव्यात, पाळण्यात बसून जमिनीच्या पोटात कसं उतरतात, खाली किती उकडतं, वरच्या खडकाला ठोकून तो ‘बोलतो’ कसा, आणि आम्ही ऐकावं. चार-आठ दिवस असे गेले. मग त्याला कुणीतरी सांगितलं की या घरालाच खानवाले म्हणतात. झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा डोंगरावर, आणि दुपारी परत आला तो डोळे चमकवत.

बाबा आणि मामा यांचं त्या दिवसापासून बिनसलं. बाबा भांडत नसत. ते बोलणं बंद करत, आणि तेही अर्धंच. मामा समोर बसलेला असताना ते मला म्हणायचे, “हौशे, तुझ्या मामाला सांग, डोंगराच्या पोटात हात घालू नये. डोंगर जागा होतो.”

मी मामाकडं वळायच्या आत मामा म्हणायचा, “हौशे, तुझ्या बाबाला सांग, डोंगर झोपलाय म्हनून तर हात घालतोय. जागा आसता तर कशाला घातला आसता?”

“त्याला सांग, आमच्या आज्यानं बंद खानीची राखन केली. उघडायला तो काय येडा नव्हता?”

“त्याला सांग, येडा नव्हता, भित्रा व्हता!”

यावर बाबा ताटावरून उठून गेले. आय भावाला म्हणाली, “धर्मा, जेवताना मेलेल्या मान्साला भित्रा म्हनू नये.” आणि मग जरा थांबून, “जेवल्याव म्हन.”

बाबांनी गावातल्या पुरुषांना सांगून ठेवलं, मामाला कुणी मदत करू नये. पण बायकांना सांगायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. शेतं रिकामी होती, लाकूडफाटा आणायला आम्ही तशाही डोंगरावर जायचो. काकी आणि मी रोज सकाळी कोयता-दोरी घेऊन निघू लागलो, आणि वर जाऊन मामानं फोडलेले दगड घमेल्यातून बाहेर टाकू लागलो. काकीनं पहिल्याच दिवशी करार करून घेतला. “मी काय सांगते धर्माभाऊ, चांदी निघाली तर पयली जोडवी माजी. ही बघा, झिजून तारेसारखी झालीत.” मामानं हातोडा कपाळाला लावून शपथ घेतली. आयला सगळं ठाऊक होतं. आमच्या फडक्यात ती तीन माणसांच्या नाही, पाच माणसांच्या भाकऱ्या बांधायची, आणि परतताना आमची मोळी रोजच्यापेक्षा लहान का, हे बाबांनी विचारलं की परस्पर सांगायची, “सुकं लाकूड हलकंच दिसतं.”

तोंडावरचे दगड निघाले तसा आतला बोगदा दिसू लागला. वाकून चालता येईल एवढा उंच, भिंतींवर छिन्नीचे तिरके घाव. ते घाव मी बोटांनी चाचपून बघितले. शेठ असो, फिरंगी असो, कुणीतरी इथं खरोखर घाम गाळला होता. बाहेरचा खडक काळा कुळकुळीत. आत थोडं गेलं की छताजवळ विटेसारख्या तांबड्या मातीचा हातभर जाड पट्टा आडवा गेलेला. मामा त्या पट्ट्यावर बोट फिरवून म्हणायचा, “हे आमच्या खानीत नव्हतं. तिकडं सगळा दगड येकजात.” पट्टा ओलसर असायचा. बोटाला माती लागायची. मामानं ऐनाचे दोन वासे तोडून तिथं टेकू दिले, आणखी द्यायचे म्हणाला, आणि पुढं खणत राहिला. वैशाखाच्या त्या उन्हात आत शिरलं की गार वाटायचं, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी काकी आणि मी बाहेर झाडाखाली फडकं सोडत होतो. मामाला हाक मारली, तो आतून “आलो” म्हणाला. आणि भाताचं पोतं माळ्यावरून खाली पडावं तसा आवाज आला. मोठा नव्हे, नुसता ‘धप्’. मग तोंडातून लाल धुळीचा एक लोट बाहेर आला आणि आमच्या भाकऱ्यांवर बसला. काकीचं तोंड उघडंच राहिलं. मी आत धावले तर पाच-सहा पावलांवर बोगदा बंद. माती, दगड, मोडलेला वासा.

“मामा!” मी ओरडले. उत्तर नाही. काकीला मी नुसतं हातानं खाली गावाकडं दाखवलं, आणि त्या भारी अंगाची काकी अशी धावत सुटली की तिच्या मागं दगड घरंगळत गेले. मी ढिगाऱ्याला कान लावून बसले. किती वेळ कोण जाणे. आणि मग आतून आवाज आला, टक् टक्, टक् टक्. हातोड्याचा. मी दगड उचलून टक् टक् केलं. आतून पुन्हा उत्तर आलं. मी रडत होते आणि ठोकत होते.

बाबा सगळ्यांच्या पुढे आले. मागं गावातले पुरुष, पहारी, कुदळी, आणि आय. बाबा कुदळ टाकून हातांनीच माती उपसायला लागले आणि ओरडायला लागले, “धर्मा! ए धर्मा! बोल रे!” त्या महिन्याभरात त्यांनी मामाचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. वरच्या बाजूला टोपलीएवढं भोक पडलं तेव्हा आतून मामाचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. “दाजी, खालचे दगड काढू नका. खालचे काढले तर वरची तांबडी माती आनखी येल. माजा पाय दगडाखाली हाय. कुनी बारीक मान्साला पहार घेऊन वरनं पाठवा.”

बाबा लगेच भोकात शिरले आणि खांद्याशी अडकले. त्यांना मागं ओढावं लागलं. मग सगळे एकमेकांच्या अंगाकडं बघू लागले आणि शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, हाडांची काडी. बाबा म्हणाले, “नाय. पोरीला नाय.” आयनं गवताच्या भाऱ्याला लावायची दोरी उचलली, माझा पदर कमरेला आवळून खोचला, दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. मला म्हणाली, “वर बघू नको. फकस्त मामाकडं बघ.”

पहार पुढं सरकवत मी सरपटत आत गेले. पोटाखाली दगड टोचत होते, तोंडात मातीची चव. पलीकडं उतरले तर कार्बाइडचा दिवा जळत होता, आणि मामा भिंतीला टेकून बसला होता, एक पाय लांब, दुसरा एका धोंड्याखाली. मला बघून म्हणाला, “आलीस? भाकर आनलीस का?” मला हसू आलं, आणि हसू आलं तशी भीती गेली. तो सांगत गेला तसं मी केलं. लहान दगड कुठं ठेवायचा, त्यावर पहार कशी टेकवायची, कुठल्या बाजूला भार द्यायचा. मी सगळं अंग पहारीवर टाकलं. धोंडा जरासा उचलला, मामानं पाय ओढून घेतला, आणि त्याच्या तोंडून एकदाच ‘आई गं’ निघालं. पाय सुजून भोपळा झाला होता.

“चल मामा,” मी म्हणाले.

“थांब. दिवा घे. तुज्या मागं बघ.”

आयनं सांगितलं होतं वर बघू नको; मागं बघू नको असं सांगितलं नव्हतं. मी दिवा घेऊन वळले. दरड कोसळली तिथं बाजूच्या खडकात एक भगदाड उघडं पडलं होतं, आपल्या देवघराच्या खोलीएवढं. आणि ते सगळं, छत, भिंती, खाली, सगळं चमकत होतं. पांढऱ्या सुयांचे झुबके, काचेसारखे चौकोनी खडे, कुठं फिकट हिरवी झाक, मोगऱ्याच्या गुच्छासारखे गुच्छ. दिवा हलला की सगळी खोली हलायची. मी जन्मात कधी आरसेमहाल पाहिला नाही, पण त्यानंतर पाहायची इच्छाही उरली नाही. मामा मागून हळूच म्हणाला, “सांगितलं नव्हतं? हाय ना चांदी?”

बाहेरून दोरी हिसकली तसे आम्ही भानावर आलो. मामा पुढं, मी मागं, असे त्या भोकातून निघालो. बाबांनी मामाला काखेत धरून बाहेर ओढला आणि छातीशी धरून ठेवला. मग एकदम सोडून म्हणाले, “हौशे, तुझ्या मामाला सांग, तो गाढव हाय.”

निघताना मामानं त्यातले मूठभर खडे डोक्याच्या फडक्यात बांधून घेतले होते. त्यानं ते सोडून उन्हात धरले आणि सगळा डोंगर ओरडला.

मामाचा पाय हाडवैद्यानं कळकाच्या पट्ट्या लावून बांधला, आणि त्या खड्यांची बातमी पाचूबंदरहून मासे घेऊन येणाऱ्या कोळणीच्या पाटीतून वसईला गेली. जाताना ती ‘सातिवलीला चांदीचे खडे मिळाले’ एवढी होती. तिकडं पोचेपर्यंत सातिवलीला चांदीचा डोंगर फुटला होता. रोज माणसं येऊ लागली. काकीनं चहाचं आधण उतरवलंच नाही. गावात आमचा मान असा वाढला की विहिरीवर मला आधी पाणी भरू देत. अशा गर्दीत एक दिवस बैलगाडीतून धोतर-कोट घातलेले एक गृहस्थ उतरले. सुट्टीत वसईला घरी आलेले कॉलेजातले प्राध्यापक, दगडांचा विषय शिकवणारे. आम्ही त्यांना दगडवाले मास्तर म्हणू लागलो. ते बाबांबरोबर वर गेले, तोंडाशी बसून दगड पाहिले, आत वाकून डोकावले, आणि परत येऊन ओटीवर मामाच्या खाटेशी बसले. एका खड्यावर त्यांनी बाटलीतला थेंब सोडला, तो फसफसला. दुसऱ्यावर सोडला, त्याला काही झालं नाही. मग ते म्हणाले, “सुंदर आहेत. पण ही चांदी नाही.”

परसातलं मुसळ थांबलं.

“अशा काळ्या दगडात चांदी सापडत नाही,” मास्तर सांगत होते, आणि सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं. “हे वेगवेगळे स्फटिक आहेत. ज्यांनी हा बोगदा खणला त्यांचीही अशीच फसगत झाली असणार. कड्यात कुठंतरी पांढरं चमकताना दिसलं असेल.”

काकी आतून बाहेर आली. “कायच नाय? जोडव्यापुरती बी नाय?”

“नाही हो बाई.”

आणि मग बाबा, ज्यांनी त्या खाणीत हात घालायला पहिल्यापासून विरोध केला ते बाबा, चिडून म्हणाले, “मास्तर, तुमी नीट बघा. येवढा मानूस त्याच्यापायी मरता मरता वाचला. थोडी तरी आसंलच.” मामानं डोकं फिरवून बाबांकडं जे पाहिलं ते मला अजून दिसतं.

मास्तर शहाणे. ते वाद घालत बसले नाहीत, डोंगर कसा झाला ते सांगू लागले. फार फार मागं जमिनीला भेगा पडून आतून तापलेला पातळ दगड बाहेर आला, सगळीकडं पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा लोट. असे थरावर थर. थिजताना आतली वाफ बुडबुड्यांनी बाहेर पडू बघते आणि दगडात भोकं राहतात. आय दाराआड उभी होती. ती म्हणाली, “म्हंजे पोळं घालतो तसं. पीठ तव्याव पडलं का जाळी पडते.”

मास्तर उठून उभेच राहिले. “अगदी तसं! आहे का पोळं?” आयनं ताटलीत सकाळचं पोळं आणून दिलं. मास्तरांनी ते उजेडात धरलं आणि त्या जाळीतून ऊन त्यांच्या कोटावर ठिपक्याठिपक्यांनी पडलं. “ही भोकं. एखादं फार मोठं, तुमच्या खोलीसारखं. मग त्यातून गरम पाणी झिरपत राहिलं, आणि पाण्यात विरघळलेलं जे होतं ते भिंतींवर हळूहळू धरत गेलं.”

मिठागरावरून त्या दिवशी घरी आलेला काका म्हणाला, “कोंडीत मिठाचा खडा धरतो, तसं.”

“तसंच. फक्त याला वेळ इतका लागला की आपली गणती तिथं चालत नाही.” आणि तो तांबडा पट्टा? एक थर थिजल्यावर त्याची वर माती झाली, मग नवा लोट आला आणि ती भट्टीतल्या विटेसारखी भाजली. पाणी मुरलं की ती भुसभुशीत होते. तीच मामाच्या अंगावर आली. बाबा म्हणाले, “म्हंजे डोंगर येका दिवसात नाय झाला.” ते पोळं मास्तरांनी बोलता बोलता खाऊन टाकलं आणि आणखी मागितलं.

पुढं कित्येक वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला. पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून मी फळ्यावर आधी तवा काढायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “बाई, हा भूगोल आहे की स्वयंपाक?” मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडं दोन्ही एकच.”

मास्तर गेल्यावर मामा दुखऱ्या पायाकडं बघत पडला होता. बाबा त्याच्या उशाशी जाऊन बसले आणि थेट त्याच्याशी बोलले. “धर्मा, वाईट वाटून घेऊ नको. नशिबात नव्हती.”

मामा म्हणाला, “दाजी, येक सांगू? मी येवढी वर्सं सोन्याच्या खानीत काम केलं. सोनं कवा डोळ्यांनी पायलं नाय.”

“म्हंजे?”

“खाली नुसता दगड. दगड फोडायचा, डब्यात भरायचा, डबा वर जायचा. वर दळतात, धुतात, त्यातनं सोनं काढतात म्हनं. आमाला वर जायची बंदी. पाळीवरनं सुटलं की तोंडसुद्धा तपासायचे. लोक इचारायचे, ‘सोन्याच्या खानीत आसतोस, सोनं कसं दिसतं?’ मी कायबाय थापा मारायचो.” तो हसला. “त्या दिवशी पाय दगडाखाली, वर माती, मी म्हटलं संपलं. आनि दिवा वर केला तर ते सगळं समोर. चांदी नसंल तर नसू दे, दाजी. पन मी काढलेलं मला दिसलं.”

बाबा उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाऊस लागायच्या आत खान बुजवायची. नायतर कुनाचं तरी पोर आत जाऊन मरंल. पन बुजवायच्या आदी गावातल्या सगळ्यांनी ती बघायची. बायकांनी बी.”

दरड काढायला आता सगळा गाव आला. मामा खाटेवरून सांगायचा आणि बाबा त्याप्रमाणं ऐनाचे जाड टेकू देऊन यायचे. ठरल्या दिवशी बाबा आणि काकानं मामाला बांबूच्या झोळीत घातला आणि आम्ही निघालो. आय नको म्हणत होती. “मला काय करायचंय तितं. माघारी भाकऱ्या कोन टाकंल?” बाबा म्हणाले, “आज कुनी भाकर टाकायची नाय. चूल इझव.” चूल दिवसाउजेडी विझलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वर मामानं झोळीतूनच टेकू ठोकून घेतले, मग परवानगी दिली. दोघी-दोघी करून बायका दिवा घेऊन आत जात, आतून ‘अगो बाय’ असा आवाज यायचा, आणि हसत-बोलत बाहेर येत. काकी बाहेर आली ती म्हणाली, “चांदीपरास बरं. चांदी काळी पडते.” सगळ्यांत शेवटी आय एकटी गेली. तिच्याबरोबर मी निघाले तर म्हणाली, “तू पायलंय ना? बस भायर.”

आम्ही थांबलो. आतून आवाज नाही. बराच वेळ गेला. बाबा तोंडाशी वाकून म्हणाले, “काय गो, बरी हायस ना?”

आतून आयचा आवाज आला, शांत. “बरी हाय. जरा बसली हाय.”

बाबांनी आमच्याकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. मामानं झोळीत डोळे मिटून घेतले. काकानं विडी काढली आणि न पेटवता धरून ठेवली. खालून कुठून तरी मालगाडीची शिट्टी आली आणि विरून गेली. ती बाहेर येईपर्यंत सावली सरकून आमच्या पायांवरून गेली होती.

“काय करत व्हतीस येवढा येळ?” बाबांनी विचारलं.

“काय नाय. बसली व्हती,” आय म्हणाली. तिनं दिवा मामाच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि पहिला दगड तिनंच उचलून तोंडाशी ठेवला. मग सगळ्यांनी हात लावला. ऊन कलायच्या आत खाण बंद झाली.

उतरताना मी बघत होते. आय डोंगरावरून खाली यायची ती कायम मान ताठ, एक हात वर, डोक्यावर मोळी नाहीतर हंडा. त्या दिवशी तिच्या डोक्यावर काही नव्हतं. ती सगळ्यांच्या पुढं निघाली, दोन्ही हात मोकळे सोडून, दगडावरून दगडावर पाय टाकत, अशी भरभर की आम्हाला गाठता येईना. मागून झोळीचा बांबू खांद्यावर सांभाळत बाबा ओरडले, “अगो हळू! तुजा भाऊ हाय आमच्या खांद्याव!”

तिनं मागं वळून पाहिलं नाही. तशीच पुढं गेली.